निळ्याचे काळे होताना

मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटाचा, एक चांगला, बोटाच्या पेराएवढा खडा पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी न्यावा आणि काही करायच्या आधी त्याच्याकडे आपण नुसते पाहत बसावे. त्याच्या कडा धारदार आहेत, पृष्ठे गुळगुळीत आहेत, पण एकही कोपरा काटकोनात नाही; सगळे आकार किंचित कललेले, तिरपे, आणि त्या तिरपेपणामुळेच उजेड आत शिरताना आणि बाहेर पडताना दर बाजूला निराळा वागतो. कडेला फिकट, गाभ्यात गडद, आणि खडा हळूच फिरवला की गाभ्यातला तो गडदपणा जागा बदलतो. कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळणारी, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात टाक्या भरभरून भिजवली जाणारी ही वस्तू इतकी देखणी आहे, हे तिच्या स्वस्तपणामुळे आपल्या ध्यानातच येत नाही.

या निळाईत पाण्याचा वाटा मोठा आहे. तांब्याच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचे चार रेणू कोंडाळे करून बसलेले असतात, पाचवा रेणू थोडा दूर, सल्फेटाच्या आश्रयाला. खडा तापवला की हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते आणि उरते ती पांढरीफटक भुकटी. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा, तर ती पुन्हा निळी होते. रंग तांब्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, तो त्याच्या सोबतीतून येतो, हे या एका खड्यात दिसते आणि पुढे जे काही घडणार आहे त्याचा सूर इथेच लागतो. याच पदार्थाच्या स्फटिकाने १९१२ साली म्युनिक शहरात एक मोठे काम केले. माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून वॉल्टर फ्रीडरिख आणि पाउल क्निपिंग यांनी क्ष-किरणांचा झोत एका स्फटिकातून पाठवला, आणि मागच्या छायापट्टीवर जे ठिपके उमटले त्यांनी पदार्थाच्या आतली अणूंची मांडणी पाहण्याचा मार्ग खुला केला. तो पहिला स्फटिक मोरचुदाचा होता.

आज मात्र आपल्याला या निळ्या खड्याचा काळ्या कॉपर ऑक्साइडपर्यंतचा प्रवास पाहायचा आहे. साहित्य अगदी मोजके: मोरचूद, धुण्याचा सोडा, पाणी आणि आच. पाकक्रियेच्या भाषेत सांगायचे तर चार ओळींत आटोपावे एवढीच ही कृती. पण तिच्यातली प्रत्येक पायरी थांबून पाहण्याजोगी आहे, आणि घाईने केली तर हाती भुकटी येते, आनंद येत नाही.

मोरचूद २५ ग्रॅम घ्यावा. हा आकडा सोयीचा आहे, कारण एवढ्या मोरचुदात तांबे जवळजवळ ६.४ ग्रॅम असते आणि शेवटी त्यातून ८ ग्रॅमच्या आसपास काळे ऑक्साइड मिळायला हवे. हे दोन्ही आकडे मनात ठेवू, पुढे त्यांची गाठ पडणार आहे. अगदी कोरडा सोडा असेल तर हिशेबाने १०.६ ग्रॅम पुरतो. पण बाजारातल्या सोड्यात पाण्याचा अंश किती आहे हे पुडीवर लिहिलेले नसते, म्हणून थोडा अधिक जवळ ठेवावा आणि किती घालायचा ते डोळ्यांनी ठरवावे. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत कोमट पाण्यात विरघळवावेत. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरले तर निळे द्रावण आरपार स्वच्छ राहते आणि पाहण्याचा आनंद दुणावतो. काच किंवा प्लास्टिकच हवे. ॲल्युमिनियमचे भांडे मोरचूद खाऊन टाकतो, आणि लोखंड त्यात बुडवले तर त्याच्यावर तांब्याचा तांबूस लेप चढतो.

हा लेप आपल्या बागायतदारांच्या ओळखीचा आहे. मोरचूद आणि कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण करताना त्यात स्वच्छ लोखंडी विळा किंवा सळई क्षणभर बुडवून पाहतात. लोखंडावर तांबूस झाक आली तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना कमी पडला आहे, पाने करपतील. झाक आली नाही तर मिश्रण फवारायला योग्य. फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यात १८८० च्या दशकात मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर हा उपाय शोधला आणि तो आपल्याकडच्या द्राक्षवेलींपर्यंत आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीच्या बागांपर्यंत येऊन पोहोचला. तांब्याला क्षाराच्या सोबतीने पाण्यातून बाहेर काढायचे, हीच त्याच्यामागची युक्ती. आपण चुन्याच्या जागी सोडा घेतो आहोत, एवढाच फरक.

आता दोन्ही द्रावणे समोर आहेत. एक गडद निळे, दुसरे बिनरंगी. सोड्याचे पाणी धारेने ओतू नये; चमच्याचमच्याने सोडावे, कारण पहिला चमचा पडतो तिथे जे होते ते पुन्हा दिसत नाही. स्वच्छ निळाईच्या मध्यभागी एकाएकी अपारदर्शक आकाशी ढग उभा राहतो, त्याच्या कडांवरून बारीक बुडबुडे सुटतात आणि तो ढग त्या बुडबुड्यांच्या बळावर वर उचलला जातो. ढवळले की तो विरतो आणि सगळे द्रावण दुधाळ आकाशी होते. भांडे मोठे घ्यायचे ते या फसफशीसाठी. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सोड्यातल्या कार्बोनेटाचा काही भाग तांब्याशी जोडला जातो, काही भाग वायू होऊन निसटतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा पाण्यातून आलेला हायड्रॉक्साइड भरून काढतो. म्हणजे तळाशी बसणारा साका हा नुसता कार्बोनेट नाही. कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड यांच्या एकत्र नांदण्यातून झालेला तो पदार्थ आहे. आपण ओतले दोन पदार्थ, आणि तिसऱ्याने, पाण्याने, न बोलावता त्यात आपला हात घातला.

सोडा पुरेसा झाला हे कसे कळावे? ढवळणे थांबवून दहा मिनिटे थांबावे. साका खाली बसू लागतो आणि वर पाण्याचा एक थर मोकळा होतो. त्या थरात निळी छटा असेल तर तांबे अजून विरघळलेले आहे, आणखी सोडा हवा. छटा नसेल तर सगळे तांबे खाली उतरले. वजनकाटा, पुस्तक, हिशेब यांच्या आधी हे डोळ्यांना दिसते, आणि मला या कृतीत ही खूण फार लोभस वाटते: आपण ज्या रंगाने मोहून गेलो होतो तोच रंग पाण्यातून संपूर्ण नाहीसा झाला की काम नीट झाले.

आणि आता ती पायरी, जी कृती सांगणारे बहुतेक जण गाळतात, कारण तिथे करायचे काहीच नसते. भांडे झाकून तसेच ठेवून द्यायचे. थंड पाण्यात तयार झालेला ताजा साका बुळबुळीत असतो, भांड्यात भरपूर जागा अडवतो, त्याचा रंग निळसर असतो. त्याच्यातले कण अजून कुठल्याही शिस्तीत बसलेले नसतात, पाणी पोटात धरून ते विस्कळीत पडून असतात. काही तास जातात, आणि कोणी हात न लावता निळ्यात हिरवा उतरू लागतो. साका आक्रसतो, जड होतो, कणीदार होतो. विस्कळीत कणांची स्फटिकांत मांडणी होते आणि जे घडते ते म्हणजे मॅलाकाइट. खाणीत सापडणारा, दागिन्यांत बसवला जाणारा, गर्द आणि फिकट हिरव्या पट्ट्यांचा जो देखणा दगड आपण पाहिलेला असतो, त्याच जातीचा पदार्थ. दगडाला जो काळ लागला तो भूगर्भातल्या पाण्याच्या गतीने लागला. आपल्या भांड्यातल्या साक्याला रात्र पुरते. हिरवा उतरायची वाट पाहायची नसेल तर दोन्ही द्रावणे गरम असताना मिसळावीत, साका लवकर घट्ट होतो. पण फार उकळू नये, नाहीतर हिरव्यात तपकिरी शिरतो आणि शेवटची पायरी पाण्यातच सुरू होते.

या हिरव्या साक्यापाशी आपल्याला थोडे अधिक रेंगाळायला हवे, कारण रसायनशास्त्राच्या एका मूलभूत नियमाचा पाया अशाच साक्यावर घातला गेला आहे. जोझेफ प्रूस्त हे फ्रेंच रसायनज्ञ अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये अध्यापन आणि संशोधन करत होते. १७९९ साली त्यांनी तांब्याच्या कार्बोनेटावरचे आपले निष्कर्ष मांडले. त्यांनी १०० भाग तांबे आम्लात विरघळवले, सोड्याने किंवा पोटॅशने त्याचा हिरवा साका पाडला, आणि दर खेपेस त्यांच्या हाती १८० भाग कार्बोनेट आले. आम्ल बदला, सोड्याऐवजी पोटॅश घ्या, घाई करा की सावकाश करा, प्रमाण ढळेना. मग त्यांनी निसर्गात मिळणारा हिरवा दगड घेतला आणि त्याचीही फोड केली, तोच हिशेब. पृथ्वीच्या पोटात घडलेला आणि माणसाच्या भांड्यात घडलेला पदार्थ वजनाच्या बाबतीत एकच बोलत होते. क्लोद बेर्तोले यांच्यासारख्या मोठ्या रसायनज्ञाचा या म्हणण्याला विरोध होता; घटकांचे प्रमाण परिस्थितीप्रमाणे बदलू शकते असे त्यांचे मत होते, आणि हा वाद पुढे काही वर्षे चालला. दोघांनीही तो सभ्यपणे, प्रयोगाला प्रयोगाने उत्तर देत चालवला, आणि त्यातून स्थिर प्रमाणाचा नियम उजळून निघाला. आजच्या अणुभारांनी मोजले तर १०० भाग तांब्याचे १७४ भाग कार्बोनेट होते. प्रूस्त यांचा आकडा थोडा जास्त आहे, पण साका पूर्ण वाळवणे किती अवघड असते हे ज्याने एकदा करून पाहिले आहे, त्याला त्यांच्या तराजूविषयी आदरच वाटेल.

धुण्याची पायरी लवकर सांगतो, पण ती टाळण्याजोगी नाही. साका बसला की वरचे पाणी निथळावे, नवे पाणी घालावे, ढवळावे, बसू द्यावे, पुन्हा निथळावे. सोडा आणि मोरचूद यांच्या देवघेवीतून उरलेले सोडियम सल्फेट या पाण्यातून निघून जाते. किती वेळा धुवायचे याची कसोटी आपल्याच स्वयंपाकघरात आहे. गाळण-कागदाच्या तुकड्याला हळदीचे पाणी लावून वाळवावे आणि निथळलेल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकावा. पिवळ्यावर तांबडा डाग उमटला तर सोडा अजून शिल्लक आहे. पिवळा पिवळाच राहिला की धुणे संपले. हळदीचा तो तांबडा डाग आपण साबणाने कपडा धुताना शेकडो वेळा पाहिला आहे, इथे तोच आपला साक्षीदार होतो.

मग गाळायचे आणि वाळवायचे. वाळल्यावर हाती येते ती मऊ, फिकट हिरवी भुकटी, ११ ग्रॅमच्या जवळपास. तिच्याकडे पाहून हिच्यातून काळे काही निघेल असे कोणाला वाटणार नाही. ही भुकटी स्वयंपाकातून कायमच्या बाद केलेल्या स्टीलच्या पसरट भांड्यात घेऊन, उघड्या हवेत, मंद आचेवर ठेवावी. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही. मग आचेच्या अगदी वर, तळाला चिकटलेल्या थरात, हिरव्याची जैतुनी छटा होते, जैतुनीची तपकिरी, आणि त्या तपकिरीच्या पोटातून काळा उगवतो. २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान हा पदार्थ मोडू लागतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ दोन्ही एकदम सुटतात, आणि कणांच्या मधून वर येणाऱ्या या वायूंमुळे कोरडी भुकटी आधणाच्या पाण्यासारखी हलू लागते. या संपूर्ण कृतीतले माझे सर्वांत आवडते दृश्य हेच. भांड्यात द्रवाचा थेंब नाही, आणि तरी पृष्ठभाग खदखदतो, छोटे खळगे पडतात आणि बुजतात, हिरव्याखालून काळा वर येतो, हिरवा त्यात ओढला जातो. सळईने सावकाश ढवळत राहावे. मग एका क्षणी ही हालचाल मंदावते, थांबते, आणि भुकटी पुन्हा नुसती भुकटी होते. वायू संपला. काम झाले.

आता ती एकसारखी, गडद, मखमली काळी आहे. गार झाल्यावर वजन करावे: ११ ग्रॅमचे ८ ग्रॅम. जे ३ ग्रॅम गेले ते आपण डोळ्यांनी जाताना पाहिले आहेत. मघाशी मनात ठेवलेला आकडा तो हाच, आणि निथळताना, गाळताना जेवढे सांडले असेल तेवढ्यानेच तो कमी भरेल. हा काळा काजळीचा नव्हे. इथे काहीही जळलेले नाही. तांबे आणि ऑक्सिजन या घडणीत एकमेकांशी असे जोडलेले असतात, की दृश्य प्रकाशाचा जवळजवळ प्रत्येक रंग ते शोषून घेतात. मोरचुदाच्या खड्याने निळा तेवढा आपल्याकडे परत पाठवला होता, मॅलाकाइटने हिरवा. हे ऑक्साइड काहीच परत पाठवत नाही. तांबे तिन्ही वेळा तेच, तितकेच, ६.४ ग्रॅम.

प्रयोगशाळेत हाच काळा गाठायचा दुसरा, अधिक नाट्यमय मार्ग आहे. धुण्याच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा घेतला तर फिकट निळा कॉपर हायड्रॉक्साइड खाली बसतो, आणि तो पाण्यात असतानाच तापवला की पाणी उकळायच्याही आधी काळा पडतो. भोवती सगळीकडे पाणीच पाणी, आणि त्या पाण्याच्या मधोमध पदार्थ आपल्यातले पाणी सोडून देतो, ही कल्पनाच विलक्षण आहे. पण कॉस्टिक सोडा डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे, म्हणून हा मार्ग शिक्षकांच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळेसाठी. आणि रसिक म्हणून विचाराल तर मला हिरव्याची वाटच अधिक प्रिय. तिच्यात वेळ मुरलेला आहे.

काळा झाला म्हणजे रंगांची गोष्ट संपली, असे वाटणे साहजिक आहे. खरे तर ती इथे सुरू होते. टाकणखार तापलेल्या तारेच्या वेटोळ्यात वितळवून त्याचा काचेसारखा मणी करावा, त्याला या काळ्या भुकटीचा अगदी नाममात्र स्पर्श करावा आणि मणी पुन्हा ज्योतीच्या बाहेरच्या भागात धरावा: गरम असताना हिरवा, निवल्यावर निळा. एवढ्याशा काळ्यात एवढा रंग दडलेला असतो. वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून इजिप्तच्या कारागिरांनी पाच हजार वर्षांच्या आसपास मागे जो निळा रंग घडवला, तो माणसाने हेतुपूर्वक बनवलेल्या सर्वांत जुन्या रंगांपैकी एक. आणि चिनी कुंभारांनी भट्टीतली हवा कोंडून याच तांब्यातून रक्तवर्णी झिलई मिळवली. हवा मोकळी असेल तर हिरवा, कोंडली तर लाल. सोबत बदलली की रंग बदलला, आपल्या खड्याने पहिल्याच पायरीवर सांगितलेली गोष्ट.

या काळ्या भुकटीचा आणखी एक गुण रसायनज्ञांनी फार जिव्हाळ्याने जपला: ती ऑक्सिजन धरून ठेवते आणि मागितला की देते. तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन वायू सोडला की तो ऑक्सिजन उचलून पाणी होतो आणि मागे तांबूस तांबे उरते. १८२० च्या सुमारास बर्झेलियस आणि द्यूलाँ यांनी याच मार्गाने पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचे प्रमाण वजनाने ठरवले. लीबिग यांनी १८३१ साली सेंद्रिय पदार्थांच्या पृथक्करणाचे उपकरण सिद्ध केले, त्यातही नमुना जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन हीच भुकटी पुरवत असे. कोळशाबरोबर भट्टीत तापवले तरी ऑक्साइडमधून तांबे मोकळे होते. आपल्या जोर्वे, इनामगाव, दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतल्या तांब्याच्या वस्तूंमागे, धातू कुठूनही आलेला असो, अशीच एखादी भट्टी असली पाहिजे. आणि १९८६ साली झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांच्या कुळात उच्च तापमानाची अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे असे ऑक्साइड हाती आले जे द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवले की विजेला अजिबात अडवत नाही. ते करताना इट्रियम ऑक्साइड आणि बेरियम कार्बोनेटाबरोबर खलात पडते ती आपल्या बशीतली हीच काळी भुकटी.

या रसग्रहणात विषाचा उल्लेख राहून जाता कामा नये. मोरचूद पोटात गेला तर घातक आहे, कॉपर ऑक्साइडची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडके आणि उघडी खिडकी यांच्याशिवाय हे करू नये, आणि वापरलेले एकही भांडे पुन्हा ओट्यावर येऊ नये. निथळलेले पाणी तळ्यात, विहिरीजवळ किंवा माशांच्या टाकीत टाकू नये, कारण तांब्याचा थोडासाही अंश मासे आणि शेवाळ मारतो. सोडा जादा घालून सगळे तांबे खाली बसवावे, आणि मगच वरचे पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडावे.

नववीला स्थिर प्रमाणाचा नियम शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. तो फळ्यावर लिहिण्याआधी मोरचूद आणि सोडा वर्गात आणा, हिरवा साका पाडा, तो रात्रभर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी भुकटी काळी होताना मुलांना सुरक्षित अंतरावरून पाहू द्या. गार झाल्यावर वजन मात्र मुलांनी स्वतः करावे, आणि काट्यावर ८ च्या जवळचा आकडा दिसला की मगच प्रूस्त यांचे नाव सांगावे.